पडलं की पाडलं? एका कान्याचा फरक

आमच्या यवतमाळकडे बाईचं पोट एक तर पडतं, नाही तर पाडलं जातं. लिहिताना फरक एका कान्याचा. बोलताना मात्र बहुतेक बायका तो काना गिळतात. तालुक्याला जाऊन, सही करून, गोळ्या घेऊन आलेली बाईसुद्धा गावात सांगते, "पडलं व माय." ऐकणारी समजून जाते आणि पुढे विचारत नाही.

शब्द तसा साधा. भिंत पडते, भिंत पाडतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही हेच. अमका पडला म्हटलं तर त्याचं नशीब. अमक्याला पाडला म्हटलं की दुसऱ्या दिवशी पारावर दोन गट बसतात. मग कोणी पाडला, कोणाच्या सांगण्यावरून पाडला, हे सगळं निघतं. पोटाच्या बाबतीत हे प्रश्न एकट्या बाईला विचारले जातात, म्हणून ती काना टाळते. याला मी खोटं बोलणं म्हणणार नाही.

आपल्या बोलण्यात गरोदरपणाच्या वाक्यांचा कर्ता बाई नसतेच. पुस्तकी मराठीत "तिला दिवस गेले", आमच्याकडे "तिले दिवस राह्यले". जातात तेही दिवस, राहतात तेही दिवस. पाळी, आमच्या तोंडी पायी, "चुकते". गर्भ "राहतो". बाळंत झाली की बाई "मोकळी होते". "जन्म देणं" हे भाषणातलं. घरात तसं कोणी बोलत नाही. या सगळ्यात बाई स्वतः काही करते असं एकच क्रियापद उरतं, आणि ते पाडणं.

गुरांसाठी मराठीत वेगळा शब्द आहे. गाय गाभण राहते, आणि पोटातलं गेलं तर गाय गाभडते. त्यात कोणाकडे बोट नाही. गाय गाभडली की घरचे हळहळतात, ढोरांच्या डॉक्टरला बोलावतात, चार दिवस तिच्यापुढे जास्तीची ढेप (पेंड) ठेवतात. बाईसाठी असा शब्द मी खूप शोधला. मिळाला नाही. तुमच्या भागात असेल तर सांगा, या धाग्याचं निम्मं कारण तेच आहे.

गर्भपात हा छापील शब्द. त्यातला पात म्हणजे पडणंच. आयुर्वेदात तो महिन्यांवर ठरतो: चौथ्या महिन्यापर्यंत गेलं तर गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गेलं तर गर्भपात. म्हणजे मुळात या शब्दात करणारं कोणी नाही. गावात बाई तो उच्चारत नाही, तो फॉर्मवर असतो. तोंडी चालतं ते "पिशवी साफ केली", "सफाई केली", नाही तर "क्युरेटिन केलं". हे क्युरेटिन क्युरेटिंगवरून आलं आणि आता आमचंच झालं. साफ करणं मला खटकतं. आतमध्ये घाण होती असं ते बाईलाच सांगतं, आणि काही जणी तसं मानूनही बसतात.

आता माझं सांगते. २०१४ मध्ये माझा मुलगा नऊ महिन्यांचा होता, अंगावर पीत होता. तांबी (कॉपर-टी) बसवली होती, ती कधी पडली ते कळलंच नाही. तांबी पडली म्हटल्यावर मला एकाही माणसाने विचारलं नाही, की पडली की पाडली? सातवा आठवडा होता. आम्हा दोघांनाही इतक्यात दुसरं नको होतं. नवरा निवडणुकीच्या ड्युटीवर, म्हणून मी एकटीच तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या बाईंनी हळूच विचारलं, "पडलं आहे का पाडायचं आहे?" मी म्हटलं, पाडायचं आहे. त्यांचा आवाज लगेच चढला: "मग मिस्टरांची सही लागते." बाकावर चार-पाच जणी होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि थोडी सरकली. मी उठून घरी आले. तीन दिवसांनी नवऱ्याला घेऊन पुन्हा गेले तेव्हा काम झालं.

तेव्हा मला माहीत नव्हतं ते आता माहीत आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात १८ वर्षांवरच्या बाईची तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही त्या कायद्यात कुठेच नाही, सासूचीही नाही. मुलगी अल्पवयीन असेल किंवा बाईला मानसिक आजार असेल तरच पालकाची लेखी संमती. ज्या कागदावर ती सही करते त्याला फॉर्म सी म्हणतात. माझ्या त्या तीन दिवसांना कायद्याचा काहीही आधार नव्हता.

२०२१ च्या दुरुस्तीत तर शब्दच बदलला. गर्भनिरोधाचं साधन फसून दिवस राहिले तर, या कलमात आधी "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" होते, आता "स्त्री किंवा तिचा जोडीदार" आहेत. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं लागतं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने या २४ आठवड्यांच्या तरतुदीत अविवाहित बाईलाही धरलं. मी ज्या शाळेत आहे त्या गावात हे किती जणींना ठाऊक असेल? मी विचारून पाहिलं. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "म्याडम, पाडनं त बंदच केलं ना सरकारनं?"

असं त्यांना का वाटावं, ते आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर आहे. तिथे निळ्या रंगात "स्त्री भ्रूणहत्या महापाप" असं लिहिलं होतं. पन्हळाचं पाणी नेमकं पहिल्या शब्दावर पडतं. "स्त्री" धुऊन गेली, "भ्रूणहत्या महापाप" उरलं. त्याच भिंतीच्या आत एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, बसते, आणि दिवस राहिलेली बाई तिच्याशी बोलायला येते ती हे वाचून.

गैरसमज नको. लिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेच्या मी पूर्ण बाजूने आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा त्यावर कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण राज्यात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ होतं, ते २०११ मध्ये ८९४ झालं. विदर्भातल्याच बुलढाण्यात त्याहून वाईट. गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा आणि मुलगी म्हणून पाडण्याचा. पण "हत्या" हा शब्द इतका मोठा, की कायद्यात बसणारं पाडणंही त्याच्या पोटात गेलं. रागावलेल्या सासूच्या तोंडी आता पाडणं नसतं, "हत्या केली हिनं" असतं. वीस वर्षांपूर्वी कुठल्याही सासूला हा शब्द येत नव्हता.

प्रतिसाद, वाशीम जिल्ह्यातून:

पुरुषाच्या बाजूचे शब्द मी लिहितो. आमच्याकडे "तिचं ऑपरेशन झालं" एवढंच म्हटलं तर ते मुलं बंद करण्याचंच. अपेंडिक्सचं असेल तर अपेंडिक्स सांगावं लागतं. पुरुषाचं मात्र ऑपरेशन होत नाही, त्याची "नसबंदी" होते. माझे वडील सांगत, आणीबाणीत जीपचा आवाज आला की गडीमाणसं तुरीत जाऊन बसत. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते राहिलं. ती भीती शब्दाला चिकटली ती अजून सुटली नाही. दुसरी गोष्ट, गडी मनात म्हणतो, "आपल्याले खच्ची करतेत." बैलाचा शब्द. खच्ची केलेला बैल पाहिलेला माणूस नसबंदी म्हटल्यावर काय समजणार? मी स्वतः बिनटाक्याची करून घेतली, तिसऱ्या दिवशी डवरणीला, म्हणजे कोळपणीला, गेलो. भावाने विचारलं, "आता नांगर वढनं होईन का तुह्याच्यानं?"

आणखी एक शब्द जोडा: "तिसरं". १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यत्व जातं. आता निम्म्या जागा बायकांच्या. आमच्या गावात एका सदस्यबाईंना तिसऱ्यांदा दिवस राहिले, तर विरोधी गटाने सोनोग्राफीच्या तारखेची चौकशी केली. बाईच्या पोटाचा हिशेब पॅनलच्या हिशेबात गेला. शेवटी "पडलं" असंच गावाला समजलं. मी विचारलं नाही.

प्रतिसाद, अचलपूरहून:

ताई, तुमचं दुःख समजलं, पण मला पटत नाही. आपलीच भाषा गरोदर बाईला "दोन जिवाची" म्हणते. म्हणजे आपल्या आजी-पणजींनी दुसरा जीव मोजला होता. तो मोजल्यावर पाडणं हलकं कसं म्हणायचं? माझ्या सुनेने विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

धागा काढणारी:

काका, "दोन जिवाची" हा शब्द मलाही प्रिय आहे, माझी आजी मला तसंच म्हणायची आणि तव्यावरची पहिली भाकर द्यायची. पण त्याच आजीच्या तोंडी तिसऱ्या महिन्यापर्यंत "अजून गोळाच हाय" असं असायचं. पाचव्या महिन्यात पोटात हललं की मग "जीव पडला". आयुर्वेदाने स्राव आणि पात वेगळे काढले तेही याच सुमाराला. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतही बाळ हलू लागण्याच्या आधीची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि नंतरची सात वर्षांपर्यंत होती. बायकांनी महिने मोजले आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द ठेवला. मी हलकं म्हटलेलं नाही. मला तीन रात्री झोप नव्हती. तुम्ही सुनेला नको म्हणाल, तुमच्या मनाप्रमाणे म्हणा. पण ती दवाखान्यात गेली तर तिची सही तिचीच चालली पाहिजे, तुमच्याशिवाय.

प्रतिसाद, गडचिरोलीहून:

थोडंसं बाजूचं. शब्द नसले की दुखणं कसं लपतं ते आमच्या जिल्ह्याने दाखवलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी इथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. १९८९ मध्ये ते छापून आलं. "पांढरं जाते" एवढं म्हणायला कोणी विचारणारं पाहिजे होतं, तोवर बायका "कंबर दुखते" म्हणून गोळी घेऊन जात. पोट पडलं-पाडलं याचंही तसंच. ताप येतो म्हणून येतात, आणि नर्सने दार लावलं की मग सांगतात.

प्रतिसाद, दारव्ह्याहून (निवृत्त एएनएम):

बाई, ३१ वर्षं उपकेंद्रात काढली. १९९६ पर्यंत आम्हाला ऑपरेशनचं टार्गेट होतं, तेव्हा बाई ही बाई नव्हती, "केस" होती. "दोन केस आणल्या" असं आम्ही बोलायचो, मीही बोलायची. आज वाईट वाटतं.

गाभडणेसारखा शब्द तुम्ही मागितला. आमच्या कार्डावर तसं एक अक्षर आहे. गरोदर बाईच्या कार्डावर आम्ही जी, पी आणि ए लिहितो. जी म्हणजे किती वेळा दिवस राहिले, पी म्हणजे किती बाळंतपणं, ए म्हणजे किती वेळा गेलं. त्या ए मध्ये पडलेलंही येतं आणि पाडलेलंही येतं. वेगळा रकाना नाही. डॉक्टरला पुढच्या बाळंतपणासाठी जे लागतं ते त्या एका अक्षरात भागतं. नवीन मुलींना मी सांगायची, कार्डावर ए लिहिला की तोंडाने मोठ्याने वाचू नका, फक्त लिहा.

धागा काढणारी:

सिस्टर, तुमचं वाचून लोखंडी पेटी उघडली. धाकटीच्या वेळचं कार्ड सापडलं, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. वर निळ्या पेनाने: जी ३, पी १, ए १. इतकी वर्षं मला वाटायचं तो रक्तगट आहे.