अनुभव धागा (नसांचा आजार) : चप्पल निसटली तरी पायाला कळले नाही

शेवंती :
काल मंडईत एक आजोबा मेथीची जुडी निवडत उभे होते; एका पायात चप्पल होती, दुसरी दहा पावले मागे पडलेली होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ती उचलून त्यांच्या पायाशी ठेवताना मला बाबा आठवले. "कापसावर चालल्यासारखे वाटते," असे ते म्हणत, आणि पंधरा वर्षांचा मधुमेह घरात असूनही आम्ही ते वयावर ढकलले. गच्चीच्या तापलेल्या फरशीने त्यांच्या तळव्याला आलेले फोड मला चादरीवरच्या डागावरून समजले. मधुमेहाने किंवा दुसऱ्या कारणाने मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याबाहेरच्या नसा बिघडतात तेव्हा आपल्या माणसांना काय जाणवले, ते कृपया लिहावे.

कातळफूल :
आईला रात्री पायांची इतकी आग होई की पांघरुणाचा स्पर्शही सोसत नसे, आणि त्याच पायात काटा मोडला तरी कळत नसे. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवला. चार जागी तिला स्पर्शच कळला नाही, ती गप्पच राहिली. सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते, असे त्यांनी समजावले.

माजघर :
माझी साखर आटोक्यात होती, तरी मुंग्या थांबेनात. अनेक वर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतल्याने बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, हे मला तपासणीनंतरच समजले. इंजेक्शनांनी हळूहळू उतार पडला.

नदीकाठ :
आमचे प्रकरण वेगळे होते. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, त्यांत माझा भाचा होता. जुलाब थांबून आठवडा झाला आणि त्याला जिना चढवेना. जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा स्वतःच्याच नसांवर उलटते, हे ऐकून ताई कोसळली होती. तो आता चालतो, पण लवकर दमतो.

माजघर :
नदीकाठ, भाच्याला आशीर्वाद. कुणी एमसीआर (मऊ रबराच्या) चपला वापरल्या आहेत का?

कातळफूल :
आई वापरते. कुष्ठरोगातही नसा बधिर होतात आणि या मऊ रबराच्या चपला त्या रुग्णांना दिल्या जात, म्हणून लोक काय म्हणतील या भीतीने तिने त्या वर्षभर कोनाड्यात ठेवल्या, याचे मला फार वाईट वाटते. आता मी रोज त्या उपड्या करून झटकते आणि आत हात घालून खडा चाचपून पाहते, मगच तिच्या पायात घालते.