कॅमेऱ्याचे व्हिडिओ टीव्हीवर: चित्र दिसतं, आवाज येत नाही

दिवेलागण

नमस्कार मंडळी. घरातल्या मोठ्या माणसांना बारशाचे आणि आधीच्या काही वर्षांचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवायचे आहेत. टीव्ही २०१५ चा, ४३ इंची, फुल एचडी, अँड्रॉइड नसलेला. मागे दोन यूएसबी आणि दोन एचडीएमआय आहेत.

व्हिडिओ तीन कॅमेऱ्यांचे आहेत आणि तिघांच्या तीन तऱ्हा.

मिररलेस कॅमेऱ्याचे एक्सएव्हीसी एस, १०८०, ५०पी, ५० एमबीपीएस. ६४ जीबीचं कार्ड रीडरमधून टीव्हीला लावलं की टीव्ही ते ओळखतच नाही. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केल्यावर चित्र स्वच्छ दिसतं, आवाज मात्र अजिबात नाही. त्यातली २५ मिनिटांची एक फाइल तर पेनड्राइव्हवर जातच नाही, जागा रिकामी असूनही.

जुन्या कॅमकॉर्डरच्या .एमटीएस फाइली नीट चालतात, आवाजासकट. पण लांब शूटिंगचे तुकडे पडलेत, आणि एक तुकडा संपून दुसरा सुरू होताना टीव्ही यादीवर परत जातो.

२००७ च्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या .एव्हीआय फाइली, ६४० × ४८०. नाव यादीत दिसतं, लावल्यावर ‘फाइल सपोर्टेड नाही’.

लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये हे सगळं चालतं. दर वेळी लॅपटॉप जोडणं आईबाबांना जमणार नाही. सगळंच कन्व्हर्ट करावं का? क्वालिटी किती जाईल?

पोटमाळा

हँडब्रेक हे मोफत कन्व्हर्टर डाउनलोड करा, सगळ्या फाइली एकदम टाका, ‘फास्ट १०८०पी३०’ प्रीसेट निवडा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी एमपी४ तयार, कुठल्याही टीव्हीवर चालतील. टीव्हीचं मॅन्युअल वाचत बसण्यापेक्षा हे सोपं.

वेताळटेकडी

पोटमाळा, तुमचा उपाय चालेल, पण दिवेलागण यांच्या मिररलेसच्या फाइलींना तो करू नये असं मला ठामपणे वाटतं. त्यांचं चित्र टीव्हीवर स्वच्छ दिसतंय. म्हणजे चित्राला काहीही झालेलं नाही, अडलंय ते फक्त आवाजाशी. मग चित्र पुन्हा का दाबायचं? शिवाय ‘१०८०पी३०’ मधले ३० म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३० फ्रेम. ५०पीच्या फुटेजमधल्या जादा फ्रेम हँडब्रेक गाळतो, आणि ५० चे ३० करताना त्या सारख्या अंतराने गाळता येत नाहीत. पाळणा झुलतानाचं दृश्य लावून बघा, पाळणा एका टोकाकडून दुसऱ्याकडे अडखळत जाताना दिसेल. एकदा गेलेल्या फ्रेम परत येत नाहीत.

आता मूळ कारण. .एमपी४ हे नुसतं डब्याचं नाव आहे. डब्यात चित्र कुठल्या पद्धतीने भरलंय आणि आवाज कुठल्या, हे त्या नावावरून कळत नाही. एक्सएव्हीसी एस हा सोनीने २०१३ मध्ये आणलेला प्रकार. त्यात चित्र एच.२६४ असतं, जे त्या काळातला जवळपास प्रत्येक टीव्ही वाचतो. आवाज मात्र पीसीएम, म्हणजे न दाबलेला. टीव्हीच्या यूएसबी प्लेयरला एमपी४ डब्यात एएसी, म्हणजे दाबलेला आवाज अपेक्षित असतो. पीसीएम दिसला की बरेच टीव्ही काही न बोलता आवाज सोडून देतात. व्हीएलसी स्वतःचे डिकोडर सोबत घेऊन येतो, म्हणून लॅपटॉपवर अडत नाही.

खात्री करायची तर मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, फाइल त्यात ओढून टाका. ऑडिओच्या रकान्यात पीसीएम, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, १५३६ केबीपीएस असं दिसलं की निदान पक्कं. मीडियाइन्फोचा रिपोर्ट न बघता सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, म्हणून पुढच्या वेळी तो इथेच डकवा.

उपाय: एव्हीडीमक्स, हेही मोफत. हँडब्रेकमध्ये चित्र जसंच्या तसं ठेवायची सोय नाही, इथे आहे. फाइल उघडा. डाव्या बाजूला तीन खाने दिसतील. व्हिडिओ आउटपुट: ‘कॉपी’. ऑडिओ आउटपुट: एएसी, आणि त्याच्या कॉन्फिगरमध्ये १९२ केबीपीएस. आउटपुट फॉरमॅट: एमपी४ मक्सर. सेव्ह करताना नावाच्या शेवटी .एमपी४ स्वतः टाइप करा आणि फोल्डर वेगळा ठेवा, म्हणजे मूळ फाइलवर चुकून सेव्ह होणार नाही. चित्र नुसतं उचलून नव्या डब्यात ठेवलं जातं, त्यामुळे त्याची क्वालिटी तसूभरही कमी होत नाही. वेळही मुख्यतः डिस्कवर कॉपी व्हायला लागतो तेवढाच.

सगळ्या फाइलींवर हात टाकण्याआधी अर्ध्या मिनिटाची एकच क्लिप करून टीव्हीवर लावून बघा. आवाज आला की मग बाकीच्या.

राहिली कार्डाची आणि २५ मिनिटांच्या फाइलीची भानगड. दोन्हींचं मूळ ड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे त्यावर फाइली मांडायच्या पद्धतीत आहे. ३२ जीबीच्या वरची कार्डं एसडीएक्ससी प्रकारात येतात आणि ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होतात. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचं स्पेसिफिकेशन खुलं केलं ते २०१९ मध्ये. त्याआधी टीव्ही बनवणाऱ्याला त्यासाठी लायसन्स घ्यावं लागे, म्हणून जुन्या टीव्हींमध्ये ते बऱ्याचदा नसतं. तुमचा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ आहे, तो सगळे टीव्ही वाचतात, पण त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट, म्हणजेच सव्वासहा एमबी (मेगाबाइट), मिनिटाला ३७५ एमबी. साधारण ११ मिनिटांत ४ जीबीची हद्द संपते. तुमची २५ मिनिटांची फाइल साडेनऊ जीबीच्या आसपास असणार.

पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. त्या वर्षांतले पुष्कळ टीव्ही एनटीएफएस वाचतात, एक्सफॅट वाचत नसले तरी. काढताना मात्र ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढा. तसाच उपटलेला एनटीएफएस ड्राइव्ह काही टीव्ही नाकारतात. टीव्हीने एनटीएफएसही नाही घेतलं तर एव्हीडीमक्समध्येच ए आणि बी खुणा लावून १०-१० मिनिटांचे भाग करा. व्हिडिओ ‘कॉपी’वर असताना भागाची सुरुवात की-फ्रेमवरच, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवरच हवी, त्यासाठी वर-खाली बाणांनी पुढे-मागे जा. नाहीतर भागाच्या सुरुवातीला चित्र फुटतं.

सुकाणू

वेताळटेकडी यांनी मुख्य गाठ सोडवलीच आहे. मी राहिलेल्या दोन कॅमेऱ्यांचं सांगतो.

.एमटीएस म्हणजे एव्हीसीएचडी, २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून आणलेला प्रकार. कॅमकॉर्डर लांब रेकॉर्डिंग ठरावीक आकाराला तोडून पुढची फाइल सुरू करतो, म्हणून तुकडे. जोडायला टीएसमक्सर हे सॉफ्टवेअर वापरा. पहिला तुकडा ‘ॲड’ने घ्या, पुढचे सगळे ‘जॉइन’ने. दुसरा तुकडाही ‘ॲड’ने घेतलात तर तो स्वतंत्र ट्रॅक म्हणून शेजारी बसतो, मागे जोडला जात नाही. इथे हमखास चूक होते. आउटपुट एम२टीएस ठेवा. इथेही पुन्हा एन्कोडिंग नाही.

जोडायचे तुकडे कार्डावरच्या प्रायव्हेट, एव्हीसीएचडी, बीडीएमव्ही, स्ट्रीम अशा एकात एक फोल्डरांच्या तळाशी सापडतील. मॅकवर तो एव्हीसीएचडी फोल्डर एकच फाइल असल्यासारखा दिसतो. राइट क्लिक करून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ केलं की उघडतो. पेनड्राइव्हवर फक्त .एमटीएस किंवा जोडलेल्या .एम२टीएस फाइली साध्या फोल्डरात ठेवा.

तुमचा कॅमकॉर्डर ५०आयमध्ये, म्हणजे इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी) शूट करत असेल तर ‘डीइंटरलेस’ नावाच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. टीव्हीचा जन्मच इंटरलेस्ड प्रक्षेपण दाखवायला झालाय, ते काम तो स्वतः चांगलं करतो.

२००७ च्या .एव्हीआयमध्ये बहुतेक मोशन जेपीईजी निघेल. प्रत्येक फ्रेम हा एक सुटा जेपीईजी फोटो, सोबत मोनो पीसीएम आवाज. काही टीव्ही हे दाखवतात, तुमचा दाखवत नाही. या एकाच गटाला पोटमाळा म्हणतात तो हँडब्रेक लावा. एच.२६४, कॉन्स्टंट क्वालिटी आरएफ १८ (आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं), फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’, ऑडिओ एएसी, सॅम्पल रेट ४८. आकार ६४० × ४८० च ठेवा. १०८० पर्यंत ताणून काही मिळत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उलट फाइल फुगते. ताणायचं काम टीव्ही करतोच. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ४:३ निवडा, नाहीतर सगळी माणसं रुंद दिसतात.

आणि एक बिनखर्चाच्या जवळचा मार्ग: मिररलेस कॅमेरा थेट एचडीएमआयने टीव्हीला जोडणं. कॅमेरा स्वतः डिकोड करतो, टीव्हीला तयार चित्र आणि आवाज मिळतो, फॉरमॅटचा प्रश्नच उरत नाही. कॅमेऱ्याकडचं तोंड बघून केबल घ्या. मिनी साधारण एक सेंटिमीटर रुंद, मायक्रो सुमारे ६ मिलिमीटर. मायक्रोची खाच नाजूक असते, केबल लोंबकळत ठेवू नका, कॅमेरा टेबलावर सपाट ठेवा. मेन्यूत एचडीएमआय रिझोल्यूशन ‘ऑटो’. पण रोज आईबाबांनी लावायचं असेल तर पेनड्राइव्हच बरा.

दिवेलागण

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. एव्हीडीमक्स केलं, आवाज आला! एनटीएफएस पेनड्राइव्हही टीव्हीने घेतला, २५ मिनिटांची फाइल सलग चालली. टीएसमक्सरने तीन तुकडे जोडले, तेही चालले.

आता एक नवीन अडचण. बारशाचे काही व्हिडिओ चुलतभावाने त्याच्या नव्या कॅमेऱ्यावर घेतलेत. त्यांना आवाज आहे, पण चित्र काळं. मीडियाइन्फोत असं दिसतंय: एव्हीसी, हाय ४:२:२, ३८४० × २१६०, ५० फ्रेम, बिट डेप्थ १० बिट, क्रोमा ४:२:२. ऑडिओ पीसीएमच लिहिलंय, तरी टीव्हीवर ऐकू येतो, हे कसं? आणि लॅपटॉपवर रंग फिकट, धुक्यातून बघितल्यासारखे दिसतात.

दुसरं, यूएसबी हार्ड डिस्क लावली तर चालू होते आणि दोन मिनिटांनी गायब होते.

वेताळटेकडी

आवाजाचं आधी: या फाइली तुम्ही एव्हीडीमक्समधून काढून मग टीव्हीवर लावल्या नाहीत ना? मीडियाइन्फोत मूळ फाइल आणि टीव्हीवर नवी, अशी गल्लत झाली असेल तर कोडं सुटतं. पेनड्राइव्हवरचीच फाइल मीडियाइन्फोत टाका.

चित्राचं उत्तर रिपोर्टमध्येच आहे, आणि इथे मात्र कॉपीने भागणार नाही. टीव्हीतली एच.२६४ ची चिप ८ बिट, ४:२:० (रंगाची माहिती कमी साठवणारी पद्धत) साठी बनलेली असते, कारण प्रक्षेपण आणि डिस्क तशाच असतात. १० बिट ४:२:२ हे एडिटिंगसाठीचं रूप आहे, ते तिला झेपत नाही. शिवाय तुमचा टीव्ही फुल एचडी, फाइल ४के. हँडब्रेकमध्ये एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४) निवडा, त्याच्या नावापुढे १० बिट लिहिलेला नको. आकार १९२० × १०८०, फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’, आरएफ २०, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.२. लेव्हल ४.१ मध्ये १०८० ला सेकंदाला ३० च फ्रेम बसतात, ५० साठी ४.२ लागते. ऑडिओ एएसी १९२.

फिकट रंग म्हणजे भावाने लॉग प्रोफाइलमध्ये शूट केलंय. रंग नंतर भरायचे असतात. त्यालाच विचारा कुठला लॉग होता, त्या लॉगसाठीची ‘लट’ (एलयूटी, म्हणजे रंग भरणारी तयार फाइल) त्याच्याकडून घ्या, डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लावा आणि तिथूनच १०८० एच.२६४ एक्स्पोर्ट करा. मग हँडब्रेकची गरज नाही. विंडोजवर रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एच.२६४ १० बिट ४:२:२ उघडत नाही अशी शक्यता आहे. तसं झालं तर भावाकडूनच तयार फाइल मागवणं सोपं.

दिवेलागण

बरोबर पकडलंत, पेनड्राइव्हवरच्या फाइली एव्हीडीमक्समधून काढलेल्याच होत्या. ऑडिओ एएसी दाखवतोय. एक क्लिप हँडब्रेकने केली, चित्र आलं. रंगांसाठी भावाला फोन करतो.

सुकाणू

हार्ड डिस्क गायब होते ती बहुधा विजेअभावी. यूएसबी २ च्या खाचेतून ५०० मिलिअँपिअर मिळणं अपेक्षित, पोर्टेबल डिस्क फिरताना त्याहून जास्त ओढू शकते. टीव्हीच्या दोनपैकी एका खाचेजवळ ‘एचडीडी’ किंवा ‘१ए’ लिहिलंय का बघा, तिथे लावा. नसेल तर स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब मध्ये घाला. तुमच्या कामाला १२८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरेल, फिरणारा भाग नाही आणि वीजही कमी.

मूळ फाइली पुसू नका, टीव्हीसाठीच्या प्रती वेगळ्या. आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुन्हा कधी टीव्हीला लावलंत तर आधी त्याच्या कडेची लॉकची खिटी खाली करा. काही टीव्ही ड्राइव्हवर स्वतःचे फोल्डर लिहितात. एव्हीडीमक्समधून निघालेल्या फाइलीवर आजची तारीख पडते, म्हणून नावातच ‘२०२३-०५-१४ बारसं ०१’ अशी तारीख घाला, टीव्हीच्या यादीत क्रमही आपोआप लागतो. टीव्हीवर देवनागरी नावाच्या जागी चौकोन दिसले तर तेवढ्यापुरतं नाव रोमन अक्षरांत द्या.