आईच्या नावावरचा फ्लॅट पर्यटकांना देतोय, टॅक्स कोणाच्या नावावर आणि किती?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडला आईच्या नावावर टू बीएचके आहे, बाबांनी घेतलेला, ते गेल्यावर आईच्या नावावर झाला. आई माझ्याकडे इंदिरानगरला असते त्यामुळे फ्लॅट बंदच होता, मग ॲपवर टाकला. शनिवार-रविवार वायनरीसाठी येणारी मुंबई-पुण्याची मंडळी असतात, मधल्या वारी त्र्यंबकला नारायण नागबली पूजेसाठी आलेली कुटुंबं, ती तीन दिवस राहतात. ॲपचं सगळं मीच बघतो म्हणून खातं माझ्या नावाने, पॅन माझा, पैसेही माझ्याच बँकेत. आता २०२५-२६ चं रिटर्न भरायचंय तर माझ्या एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरचा वर्षभराच्या व्यवहारांचा तक्ता) १९४-ओ (ॲपवाल्यांनी टीडीएस कापायचं कलम) खाली ५ लाख ४० हजार दिसतायत आणि बँकेत प्रत्यक्ष आलेत ४ लाख ५३ हजार. ह्यातला कुठला आकडा दाखवायचा? एसी, गाद्या, वॉशिंग मशीन ह्यात दीड लाख घातलेत, लाइट बिल आहे, साफसफाईच्या मावशींचा पगार आहे, ते वजा होतं का? जीएसटी नंबर घ्यावा लागेल का? ऑफिसात एक जण म्हणतो बिझनेस इन्कम दाखव, उलाढालीच्या सहा टक्केच नफा धरतात, दुसरा म्हणतो असलं काही करू नको. माझा पगार १७ लाख, आईला जिल्हा परिषदेची शिक्षिकेची पेन्शन महिना ३८ हजार, वय ६७. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, तेव्हा बुकिंग वाढणारच आहेत, त्याआधी सगळं सरळ करून ठेवायचंय. ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

हिशेबनीस

दादा, तुम्ही आकडा कुठला ते विचारताय पण त्याआधीचा प्रश्न उत्पन्न कोणाचं हा आहे. घरभाड्याचं उत्पन्न घराच्या मालकाचं धरतात, ॲप कोण चालवतं आणि पैसे कोणाच्या खात्यात येतात ह्याने मालक बदलत नाही. फ्लॅट आईंचा म्हणजे उत्पन्न आईंच्या रिटर्नमध्ये. तुमच्यात दाखवलंत तर नवीन करपद्धतीत तुमच्या स्लॅबने २० टक्के लागतील, म्हणजे खाली जो हिशेब देतोय त्यावर सेससकट ७७ हजारांच्या आसपास, आणि तेही जो कर तुमचा नाहीच त्यापोटी.

पहिलं काम, ॲपवर आईंचा पॅन आणि आईंचं बँक खातं टाका. मेसेजेस तुम्ही बघा, किल्ली तुम्ही द्या, त्याला कोणी काही म्हणत नाही. गेल्या वर्षीचं जे तुमच्या पॅनवर दिसतंय त्याला एआयएसमध्ये फीडबॅक देता येतो, ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे असा पर्याय आहे तिथे, आईंचा पॅन टाकून तो द्या आणि फ्लॅटच्या कागदांची कॉपी, घरपट्टीची पावती जवळ ठेवा. टीडीएस म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून ॲपवाले ०.१ टक्काच कापतात, म्हणजे तुमचे ५४० रुपये, त्याचं टेन्शन नको. खरा घोळ त्या ५ लाख ४० हजारांच्या आकड्याचा आहे, तो तुमच्या नावावर दिसतोय आणि तुमच्या रिटर्नमध्ये काहीच नाही असं झालं तर विचारणा येऊ शकते.

आता आकडा. पाहुण्याने जे भाडं भरलं ते पूर्ण धरायचं, बँकेत आलेलं नाही. मधले ८७ हजार ॲपचं कमिशन, त्यावरचा जीएसटी आणि टीडीएस. आणि हे नीट ऐका, कारण ह्यावर सगळे चिडतात. घरभाड्याच्या हेडखाली कमिशन वेगळं वजा होत नाही, एसी नाही, गाद्या नाहीत, मावशींचा पगार नाही, लाइट बिल पण नाही. मालकाने भरलेली घरपट्टी आधी वजा होते, ती पण ज्या वर्षी प्रत्यक्ष भरली त्याच वर्षात, मग उरलेल्याचे सरसकट ३० टक्के वजा. तुमचा खर्च शून्य असला तरी ३० आणि ५० टक्के असला तरी ३०. समजा महापालिकेची घरपट्टी १० हजार भरली, तर ५,३०,००० उरले, त्याचे ३० टक्के १,५९,०००, म्हणजे करपात्र ३,७१,०००.

आईंची पेन्शन वर्षाला ४,५६,०००, त्यातून नवीन पद्धतीत ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, राहिले ३,८१,०००. दोन्ही मिळून ७,५२,०००. नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट (करात सूट) आहे त्यामुळे आईंना कर शून्य. पण रिटर्न भरावंच लागेल कारण उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे, कर शून्य म्हणून रिटर्न नको असं बरेच जण धरून चालतात. एवढा एकच फ्लॅट नावावर असेल तर ‘सहज’ (आयटीआर-१) फॉर्म चालेल, मुदत ३१ जुलै.

त्र्यंबकची_वाट

हिशेबनीस सर, सगळ्यांना सरसकट घरभाडं कसं म्हणता? आमचा त्र्यंबक रोडला बंगला आहे, वरच्या तीन खोल्या देतो. सकाळी चारला गरम पाणी लागतं लोकांना, सहाला पोहे-चहा, रोज चादरी बदलायच्या, पूजेच्या दिवशी उपासाचं करून द्यायचं, मी आणि मिसेस दिवसभर त्यातच असतो, दोन बायका कामाला आहेत. ह्याला भाडं म्हणायचं? हा धंदाच आहे. आमचे सीए बिझनेसमध्येच दाखवतात आणि सरकारच्या निवास व न्याहारी योजनेत नाव पण नोंदवलंय.

हिशेबनीस

तुमचं म्हणणं बरोबर आहे भाऊ, तुमची केस वेगळी आहे. २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की मालकाने राहण्यासाठीचं (निवासी) घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला तर ते उत्पन्न धंद्यात दाखवता येणार नाही, घरभाड्यातच दाखवायचं. आधी लोक भाडं धंद्यात टाकून वर सगळा खर्च वजा करायचे, ते बंद केलं. आता दिवसाच्या बोलीवर खोली, वर नाश्ता, सर्व्हिस, माणसं कामाला, ह्याला नुसतं भाड्याने देणं म्हणायचं का ह्यावर सीए लोकांत दोन मतं आहेत. माझं स्वतःचं मत असं की तुमच्यासारखं जिथे पाहुणा सेवेचे पैसे देतो तिथे धंदा म्हणायला जागा आहे, त्यातून नाश्ता-जेवणाचं बिल वेगळं ठेवलं तर आणखी बरं. पण गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये किल्ली दिली, निघाल्यावर झाडून घेतलं एवढंच होतंय, ते घरभाडंच.

आणि ते सहा टक्क्यांचं. ते किमान आहे, प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा अशी अपेक्षा असते. ५,४०,००० चे सहा टक्के ३२,४०० होतात, घरभाड्याने ३,७१,०००, फरक बघून सगळ्यांना मोह होतो, पण ज्याची केस घरभाड्याची त्याने हा मार्ग धरू नये. शिवाय धंदा म्हटलं की त्याच्याबरोबर बाकीचं पण येतं. साठीच्या पुढच्या माणसाला धंद्याचं उत्पन्न नसेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागत नाही, धंदा दाखवला की ती सवलत गेली. वय ६५ च्या आत असेल तर प्रोफेशनल टॅक्सचं एनरोलमेंट, वर्षाला २,५०० रुपये. आणि ही अंदाजी नफ्याची पद्धत एकदा घेऊन मधेच सोडली तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही.

पंचवटीवाला

मी मालक नाहीये. कुंभासाठी तपोवन आणि मखमलाबाद रोडला तीन-चार फ्लॅट वर्षभराच्या भाड्याने घेऊन ते यात्रेकरूंना द्यायचा विचार आहे, बोलणी चालू आहेत. मला ते ३० टक्के मिळतील का? आणि जीएसटीचं तर कोणी बोललंच नाही अजून.

हिशेबनीस

नाही मिळणार. ३० टक्के फक्त मालकाला. तुमचा सरळ धंदा, पण त्यामुळे तुम्ही मालकाला दिलेलं भाडं, कमिशन, लाइट, माणसांचे पगार सगळं खर्चात धरता येतं. मूळ मालकाच्या करारात पोटभाड्याने द्यायची लेखी परवानगी घ्या, नाहीतर ऐन पर्वणीत वाद होतील. आणि एखाद्या फ्लॅटचं भाडं महिना ५० हजारांच्या वर ठरलं तर त्यावर २ टक्के टीडीएस तुम्हीच कापायचा, कुंभाच्या काळात हा आकडा सहज होईल.

जीएसटी आता सगळ्यांसाठीच सांगतो. राहण्यासाठी घर भाड्याने देणं आणि पर्यटकाला रात्रीच्या हिशेबाने मुक्कामाला देणं ह्या जीएसटीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसऱ्याला हॉटेलसारखा कर लागतो. पूर्वी दिवसाला १ हजारापर्यंतची खोली माफ होती, ती माफी १८ जुलै २०२२ ला गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका युनिटचं दिवसाचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, ७,५०० च्या वर गेलं तर १८ टक्के. पाहुण्यांचा ग्रुप आला आणि अख्खा थ्री बीएचके एकच युनिट म्हणून ९ हजाराला दिला तर १८ टक्क्यांत गेलात, हे दर ठरवतानाच डोक्यात असू द्या.

नंबर कधी घ्यायचा? वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की, ३० दिवसांच्या आत. उलाढाल पॅनवर मोजतात, ॲपची, फोनवरची, दुसऱ्या फ्लॅटचं साधं भाडं, सगळी मिळून. पगार आणि पेन्शन त्यात येत नाही. २० लाखांच्या आत असाल तर ॲपवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी ॲपच पाहुण्याकडून घेऊन भरतं, तुम्हाला नंबर लागत नाही. ओळखीतून, व्हॉट्सॲपवरून आलेल्या बुकिंगवर तुम्ही काही लावायचं नाही. नंबर नसताना जीएसटी म्हणून वेगळे पैसे मागणं चुकीचं आहे, काही जण मागतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

पंचवटीवाला, तुम्ही चार फ्लॅट घेतलेत तर २०२७-२८ मध्ये २० लाख ओलांडायची शक्यता धरून चाला, तिन्ही अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, म्हणजे एकाच आर्थिक वर्षात येतायत. एकदा नंबर घेतला की तुम्ही मालकाला जे भाडं देता त्यावर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने (म्हणजे मालकाऐवजी भाडेकरूने) तुम्हाला भरावा लागेल, मालक नोंदलेला नसला तरी. आणि तुमच्या ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घेणं) नाही, म्हणजे ते १८ टक्के खिशातून गेले. मालकाशी भाडं ठरवताना हे आत्ताच मांडा, नंतर गणित जमणार नाही.

सेक्रेटरी_काका

इथे सगळे कराबद्दल बोलताय, सोसायटीचं पण बघा. आमच्या सोसायटीत दोन फ्लॅट असे दिले जातात. नॉन ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, २००१ चा सरकारी आदेश आहे, त्यामुळे कोणी सोसायटी मनाला येईल ती रक्कम मागत असेल तर देऊ नका. पण कमिटीला कळवून करा हो. रात्री दोनला अनोळखी माणूस बॅगा घेऊन गेटवर उभा राहतो, वॉचमनला काही माहिती नसतं, वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं एकटी असतात. पाहुण्यांची नावं आणि आधारची कॉपी आदल्या दिवशी गेटवर पोचली तर कोणाचंच काही म्हणणं नसतं. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत ऑनलाइन माहिती भरावीच लागते, पूर्वी सी फॉर्म म्हणायचे तो, घरात एकच खोली देत असलात तरी. कुंभाला परदेशी लोक भरपूर येतात, तेव्हा ते लॉगिन आत्ताच करून ठेवा. आणि महापालिकेने व्यावसायिक वापर म्हणून घरपट्टी बदलली तर तो बोजा फ्लॅटमालकाचा, सोसायटीच्या माथी मारू नका.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार, खरंच एवढं कोणी सांगितलं नव्हतं. आईचा पॅन आणि खातं टाकायला घेतलंय. दोन शंका राहिल्या. आईच्या खात्यात पैसे आल्यावर ती मला देणार, कारण घरखर्च मीच बघतो, त्यावर मला कर लागेल का? आणि एका ओळखीच्यांनी गुजरातहून ग्रुपसाठी अख्खा श्रावण फ्लॅट मागितलाय २०२७ चा, ३ लाख म्हणतायत, पण कॅश देणार म्हणे.

हिशेबनीस

आईने मुलाला दिलेले पैसे, कर नाही, कितीही असोत. बँकेतून ट्रान्सफर करा म्हणजे माग राहतो.

ते ३ लाख कॅश मात्र घेऊ नका. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा जास्त रोख घेतले तर जेवढे घेतले तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या आईंना. तीन हप्त्यांत एक-एक लाख घेतले तरी व्यवहार एकच धरतात. त्यांना सांगा आईंच्या खात्यावर एनईएफटी करा, नाहीतर यूपीआय, आणि एक साधी पावती द्या, तारखा, माणसं किती, रक्कम किती. एवढ्याला तयार नसतील तर दुसरं बुकिंग मिळेल, श्रावणात रामकुंडापासून तपोवनापर्यंत खोल्या शिल्लक राहणार नाहीयेत. ते उत्पन्न नवीन आयकर कायद्याखाली येईल, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत त्यामुळे जुने नंबर पाठ करू नका, तेव्हाच्या फॉर्मवर काय मागितलंय ते बघून भरा. आणि ॲपबाहेरच्या बुकिंगची एक वही आत्तापासूनच घाला, आईंच्या नावाने.