रात्री दोन वाजता आलेल्या आजींचा फ्रेल्टी स्कोअर कसा ठरवायचा?

रात्रपाळी_रेसिडेंट:
मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री कॅज्युअल्टीत ७९ वर्षांच्या आजी आल्या. न्यूमोनिया, ताप, बोलण्याला मेळ नाही, बसवलं तर मान टाकत होत्या. पासष्टीपुढच्या पेशंटच्या केसपेपरवर आम्ही क्लिनिकल फ्रेल्टी स्केल लिहितो, म्हणजे म्हातारपणी माणूस किती खंगलाय याचा आकडा; जितका मोठा, तितका जास्त परावलंबी. मी ७ लिहिला, म्हणजे पूर्ण परावलंबी. सकाळी राउंडला मॅडमनी नातवाला विचारलं, "पंधरा दिवसांपूर्वी आजी काय करायच्या?" तो म्हणाला, "शेळ्या घेऊन बांधापर्यंत जायच्या की. गुडघे दुखायचे, म्हणून जरा हळू." मॅडमनी ७ खोडून ४ केला, म्हणजे मंदावलेल्या, पण स्वतःचं स्वतः करणाऱ्या.

आयसीयूत एक खाट रिकामी होती. माझ्या त्या आकड्यामुळे रात्री तिचा विचारच झाला नाही. आजी सावरताहेत, पण मला हे डोक्यातून काढता येत नाही. नातेवाईक "आजी थकल्यात" एवढंच सांगतात, आजींना स्वतःला सांगता येत नाही. मग विचारायचं काय, आणि कुणाला?

वृद्धरोग_ओपीडी:
तुमच्या हातून झालं ते फार जणांकडून होतं. हा स्केल कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या केनेथ रॉकवुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडला. तेव्हा सात पायऱ्या होत्या, पुढे नऊ झाल्या. त्यात आजचा पेशंट मोजायचाच नसतो. आजारी पडण्याआधी, साधारण दोन आठवड्यांपूर्वी तो कसा होता, ते मोजायचं. न्यूमोनियानं कुणीही मान टाकेल.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. सून अभिमानानं सांगते, "आम्ही आईंना काही करूच देत नाही." आता आईंना जमत नाही, की घरात करू देत नाहीत? आजोबांनी जन्मात चहा केला नसेल, तर स्वयंपाक न करणं हा थकवा नव्हे. म्हणून मी बदल विचारतो. मागच्या दिवाळीला करत होत्या आणि आता सोडलं, असं काय? गोळ्या स्वतः घेतात की कुणी हातात देतं? आंघोळीला कुणी लागतं का? बाहेरच्या व्यवहारांना मदत लागू लागली की साधारण ५, आंघोळीलाही लागली की ६. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे कुबडी घेणाऱ्याला मात्र हा स्केल लावू नका.

आणि बोलण्याला मेळ नव्हता, तो कधीपासून? कालपासून असेल तर डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक आलेला गोंधळ, समजा आणि कारण शोधा. तो ओळखायच्या फोर-एटी (4AT) चाचणीला दोन मिनिटं लागतात, ४ किंवा जास्त आले तर शक्यता दाट. गप्प पडून राहणारा डिलिरियम सगळ्यात जास्त निसटतो. "वयच झालंय" म्हणून पुढे जाऊ नका, ही कळकळीची विनंती. शिवाय एकट्या आकड्यावर आयसीयूचा निर्णय कधीच घेऊ नये.

वॉर्ड_सिस्टर:
मी टाचा बघते. भेगांत माती असेल तर बाई परवापर्यंत चालत होती. बांगड्या कोपराकडे सरकतात का, ब्लाउज खांद्यावरून उतरतो का, हेही बघते. वजन घटलेलं तिथं दिसतं. पुण्याहून धावत आलेल्या मुलाला विचारून उपयोग नाही, तो वर्षातून दोनदा आईला बघतो. जी रोज तिच्याजवळ झोपते तिला विचारा.

आणि डॉक्टर, रात्री घातलेला कॅथेटर (लघवीची नळी) सकाळी खरंच लागतो का, ते रोज बघत जा. त्या नळीपायी चालती माणसं खाटेला बांधली जातात. चष्मा आणि कवळी घरी राहिली असेल तर मागवून घ्या. दिसत नाही, चावता येत नाही, मग माणूस आणखीच गोंधळतो.

रात्रपाळी_रेसिडेंट:
सिस्टर, टाचा बघितल्या. माती होती. घरी सुनेला फोन लावला, तर नातवाला ठाऊक नसलेलं कळलं: आजी भाकरी थापतात, पण दोन महिन्यांपासून परातीवरून उठताना हात द्यावा लागतो. पावसाळ्यात दोनदा पडल्या होत्या. सगळं केसपेपरवर लिहिलं, फिजिओथेरपीला कळवलं. कॅथेटर काढला.

दुपारी आजींना खुर्चीत बसवलं. चष्मा लावल्यावर माझ्याकडे नीट बघून त्यांनी पहिलं विचारलं, शेळ्यांना पाणी कोण दाखवतंय.