ध्वनिमांडणशिल्प व्हीआरमध्ये : ‘जतन’ की ‘पुनर्रचना’?

प्रश्न : एका लेखाचं मराठीकरण चालू आहे. साउंड इन्स्टॉलेशनला (एखाद्या जागेत स्पीकर मांडून केलेल्या आवाजाच्या कलाकृतीला) ‘ध्वनिशिल्प’ चालेल का? आणि ते व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे संगणकानं उभ्या केलेल्या आभासी जगात) उतरवलं तर ‘डिजिटल जतन’ म्हणू का? उदाहरण ब्रुसेल्सच्या १९५८च्या जागतिक प्रदर्शनातल्या फिलिप्स पॅव्हिलियनचं, म्हणजे फिलिप्स कंपनीच्या दालनाचं आहे.

— ‘ध्वनिशिल्प’ वाचून मला तरी वाजणारा पुतळा दिसतो. कलेवर लिहिणारे इन्स्टॉलेशनला ‘मांडणशिल्प’ म्हणतातच, मग ‘ध्वनिमांडणशिल्प’ करा. लांबलचक आहे खरं, पण कुठला स्पीकर कुठे, हीच तर यातली कला.

— माझी हरकत ‘जतन’ला. जतन असलेल्या वस्तूचं होतं. जळालेली पोथी आठवून पुन्हा लिहिली, तर ती जतन केली असं कोणी म्हणत नाही. हा पॅव्हिलियन १९५९च्या जानेवारीत पाडला. वास्तुकार ल कॉर्बुझिए (हो, चंदीगडवालेच) यांच्या कार्यालयातल्या झेनाकिसनं त्याच्या वळणदार भिंती आखल्या होत्या. त्यांवरच्या शेकडो स्पीकरांतून संगीतकार वारेझची आठ मिनिटांची रचना वाजायची आणि आवाज भिंतीवरून अक्षरशः धावत जायचा. रेकॉर्डवर रचना ऐकू येते, धावणं नाही. पुढे तुरीन विद्यापीठाचे व्हिन्चेन्झो लोम्बार्दो आणि सहकाऱ्यांनी जुने आराखडे, फोटो, टेपा धुंडाळून ते सगळं व्हीआरमध्ये उभं केलं. प्रत्येक स्पीकरचा आवाज कुठल्या कानाला कसा पोचेल याचं गणित संगणक करतो, त्यामुळे हेडफोन लावून मान वळवली तरी आवाज आपल्या जागी राहतो. ही सरळसरळ पुनर्रचना.

प्रश्नकर्ता : पण मूळ टेपा तर शिल्लक आहेत ना?

— मग टेपांचं जतन, वास्तूची पुनर्रचना. एकाच वाक्यात दोन्ही शब्द आले तर बिघडलं कुठे?

— ‘आभासी वास्तव’ एकदा लिहा, पुढे खुशाल ‘व्हीआर’. बोलताना सगळे तेच म्हणतात.

— तिसराही शब्द लागेल. मॅक्स न्यूहाउस या कलाकारानं १९७७ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये भुयारी रेल्वेच्या हवेच्या जाळीखाली एक घुमणारा नाद बसवला. पाटीबिटी काही नाही. १९९२ला तो बंद झाला, २००२ला त्याच जागी पुन्हा सुरू केला. ही ‘पुनःस्थापना’. तिथला रहदारीचा गोंगाटही कलाकृतीतच मोडतो. उद्या हे व्हीआरमध्ये आणायचं तर गोंगाट कुठल्या सालचा घ्यायचा? १९७७च्या गाड्या की आजच्या?