ख्रिस्तोफर रीव्ह: अपंगांचा कैवारी की फक्त इलाजाचा?

निशाचर
२७ मे १९९५. व्हर्जिनियातल्या कल्पेपरला घोडेस्वारीची स्पर्धा होती. घोडा अडथळ्यापाशी अडला आणि पडद्यावरचा 'सुपरमॅन', नट ख्रिस्तोफर रीव्ह, डोक्यावर आपटला. मानेचे वरचे दोन मणके मोडले, मानेखालची हालचाल गेली, श्वासही यंत्रावर. मग २००४ मध्ये जाईपर्यंत हा माणूस मज्जारज्जूच्या संशोधनासाठी पैसा मागत फिरला. जिद्दीबद्दल वाद नाही. पण पन्नाशीपर्यंत चालेन म्हणायचा, आणि २००० च्या सुपर बोलला (अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना) नुवीन या गुंतवणूक कंपनीच्या जाहिरातीत संगणकाच्या करामतीने चाललाही! काहींना ते खरं वाटलं. खुर्चीत बसून जगणं म्हणजे जगणंच नव्हे, हाच निरोप गेला ना?

चाकांवर
शंभर टक्के. मार्च १९९० मध्ये अमेरिकेतले अपंग आंदोलक खुर्च्या-कुबड्या खाली ठेवून कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या पायऱ्या सरपटत चढले, आणि त्याच वर्षी अपंगहक्कांचा कायदा झाला. त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला दुरुस्त करू नका, इमारती दुरुस्त करा. पाच वर्षांत कॅमेरे पुन्हा 'बिचारा कधी उभा राहणार' इथेच! मी खुर्ची वापरते, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ आहे.

खवचट
उतार बांधून व्हेंटिलेटर सुटतो का हो? ज्याच्या गळ्यातली नळी निसटली तर काही मिनिटांत खेळ खलास, त्याने इलाज मागायचा नाही? शेवटच्या दिवसांत त्याच्यावर शय्याव्रणातल्या (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) जंतुसंसर्गाचे उपचार चालू होते, त्यातच हृदय बंद पडलं. वय ५२. शय्याव्रण! पैसा, नर्सेस, सगळं असून. तुमची खुर्ची आणि त्याची खुर्ची एक नाही, ताई.

चाकांवर
एक नाहीच. म्हणून तर सगळ्यांच्या वतीने त्याने बोलू नये.

हिशेबनीस
दोघंही जाहिरातीत अडकलात. त्याने विम्यावरही रान उठवलं होतं, ते कुणीच काढत नाही. तिथल्या बऱ्याच आरोग्यविमा पॉलिसींमध्ये आयुष्यभराची मिळून एक कमाल रक्कम असायची, अनेकदा दहा लाख डॉलर. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, चोवीस तास नर्स. ही रक्कम थोड्या वर्षांत संपते. पुढे घर विका, दिवाळं काढा, मग सरकारी मदत. ती मर्यादा एक कोटी डॉलरवर न्यावी म्हणून १९९६ मध्ये सिनेटमध्ये एका विधेयकाला दुरुस्ती आली, रीव्हने सिनेटरांकडे तिची वकिली केली. सिनेटने ती पाडली. आजीवन मर्यादेवर बंदी आली २०१० च्या आरोग्य कायद्याने, तो गेल्यानंतर. या मागणीत इलाज कुठे आहे? हे निव्वळ रोजच्या जगण्याचं भांडण आहे. शिवाय त्याची संस्था संशोधनाबरोबर जगणं सुसह्य करणाऱ्या कामांनाही अनुदान देते.

निशाचर
विम्याचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण लोकांच्या डोक्यात काय राहिलं? चालणारा रीव्ह. त्याचा चेहरा वापरायचा कसा, हे त्याच्याच हातात होतं.

खवचट
हातात? २००० मध्ये त्याची तर्जनी हलली, तीच बातमी झाली. आणि आशा ठेवली म्हणून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय, तर धडधाकट माणसांनी बांधलेल्या पायऱ्यांचा जाब आधी त्यांना विचारा.

चाकांवर
त्यांना रोज विचारते. उत्तर येतं, "काळजी नको, लवकरच काहीतरी औषध निघेल."