मिल्क चॉकलेट की चॉकलेट मिल्क?

प्रश्न : माझी भाची सातवीत आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आपल्या इंदुरातल्या बहुतेक मराठी घरांसारखंच. काल तिनं विचारलं, "मावशी, मिल्क चॉकलेटमध्ये दूध आणि चॉकलेट दोन्ही असतं, चॉकलेट मिल्कमध्येही. मग नावं वेगळी का?" तिला नियम कसा सांगू?

उत्तर : ताई, तिला आधी मसाला पोहे आणि पोहे मसाला यांतला फरक विचारा. इंदूरचं पोर आहे, चुकायचं नाही! एक बशीत येतं, दुसरं पुडीत. शेवटी जे येतं ती वस्तू. आपल्या तत्पुरुष समासातही दुसरंच पद प्रधान असतं. म्हणून हाउसबोट ही बोट आणि बोटहाउस ही बोटी ठेवायची जागा.

खरी अडचण पुढेच आहे. ऑलिव्ह ऑइल म्हणजे ऑलिव्हचं तेल, पण बेबी ऑइल म्हणजे बाळासाठीचं तेल. रचना तीच, नातं वेगळं, आणि ते नातं सांगणारा शब्दच इंग्रजी जोडीत नाही. विग्रह करताना, म्हणजे जोडशब्द फोडून सांगताना, मराठीत 'चं' की 'साठीचं' हे ठरवावंच लागतं, म्हणून भाचीकडून प्रत्येक जोडीचा मराठीत विग्रह करून घ्या. कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे, हा मधले शब्द गाळणारा मध्यमपदलोपी समास तिला पुढे शाळेतही भेटेल. तीन शब्द आले तर शेवटून सुरुवात करायची. स्कूल बस ड्रायव्हर : ड्रायव्हर, कशाचा? बसचा. कोणती बस? शाळेची.

आणखी एक उत्तर : वचनाकडेही लक्ष द्यायला सांगा. आपण कांदेपोहे म्हणतो, कांदापोहेही म्हणतो. इंग्रजीत मात्र पहिला शब्द बहुधा एकवचनीच राहतो. दात कितीही असोत, ब्रश टूथब्रशच. स्पोर्ट्स डेसारखे अपवाद आहेत, ते थोडे.

प्रश्न : मग अटर्नी जनरल? तो काही जनरल नव्हे.

उत्तर : बरोबर पकडलंत. ही रचना फ्रेंचमधून आली, तिथं विशेषण बहुधा नामाच्या मागून येतं. इथं 'जनरल' हे विशेषण आहे, म्हणून अनेकवचनाचा प्रत्यय पहिल्या शब्दाला लागतो : अटर्नीज जनरल. सेक्रेटरी जनरलचंही तसंच. मराठीत आपण महान्यायवादी आणि महासचिव म्हणतो, तिथं 'महा' पुन्हा पुढे आला.